नारळामागची खुर्ची

थंडी पडली की आमच्या घरात दोन गोष्टी एकदमच येतात. बाजारातून वालाच्या शेंगा आणि टीव्हीवर दिल्लीचं हिवाळी अधिवेशन. शेंगा मी आणते, अधिवेशन बाबा लावतात. गुडघे गेल्यापासून बाबा आमच्याकडे रोह्याजवळ वरसेला असतात. दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये त्यांना खाडी दिसत नाही, वारा कुठून येतो ते कळत नाही, म्हणून ते सकाळी अकराला टीव्हीसमोर बसतात आणि सभागृह तहकूब होईपर्यंत हलत नाहीत. आमचे हे कंपनीतून शिफ्ट संपवून आले की क्रिकेट लावू का म्हणून विचारतात. बाबा रिमोट मांडीखाली घेतात.

समोर पडद्यावर नेहमीचंच चाललेलं असतं. दोन्ही बाजूंचे लोक उभे, हातात फलक, कोणी मधल्या जागेत उतरलेला, आणि वर उंच खुर्चीत अध्यक्ष. बसून घ्या, बसून घ्या. माननीय सदस्य, बसून घ्या. बाकीची माणसं नेत्यांकडे बघतात, बाबा फक्त त्या खुर्चीकडे बघतात. परवा मी शेंगा निवडत होते, तेव्हा ते स्वतःशीच म्हणाले, "सगळ्यांना बस बोलतो बिचारा. त्याला ऊठ कोण बोलल?"

शेंगांच्या पिशवीत भांबुर्ड्याची जुडी होती. पूर्वी हे झुडूप शेताच्या बांधावर माजलेलं असायचं. ते कोणी जुडी बांधून रोह्याच्या बाजारात विकेल असं तेव्हा सांगितलं असतं, तर सांगणाऱ्याला आम्ही येड्यात काढलं असतं. मी त्याचं एक पान चुरलं आणि त्या उग्र वासाबरोबर मला थेट ती थंडी आठवली, ज्या थंडीत मी लोकसभेची अध्यक्ष होते.

तर ऐका. आमचं गाव गडबच्या पुढे, हायवे सोडून खाडीच्या अंगाला. भात निघालं की ओल आहे तोवर गोड्या जमिनीत वाल टाकायचा आणि जानेवारीत पोपटी लावायची, म्हणजे मडक्यात भांबुर्डा आणि शेंगा भरून ते पेंढ्यात भाजायचं, हे आमचं हिवाळ्याचं वेळापत्रक. मी रोह्याच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला होते. सकाळची एसटी पकडायला निघायचं तेव्हा बांधावरच्या गवतावर दव असायचं आणि सलवारीची खालची वीतभर ओली व्हायची. ओहोटीला खाडीवरून चिखलाचा वास यायचा. नागोठण्यापर्यंत उभ्याने, पुढे जागा मिळाली तर खिडकीशी. त्या वर्षी कॉलेजात अभिरूप संसदेची स्पर्धा होती, म्हणजे मुलामुलींनी खासदार व्हायचं, मंत्री व्हायचं, विधेयक मांडायचं, भांडायचं. मी वादविवादात बक्षिसं मिळवलेली. विरोधी पक्षनेता मीच, असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं. भाषणसुद्धा तयार होतं.

राज्यशास्त्राच्या सरांनी मला अध्यक्ष केलं. मला आधी फार मोठा मान वाटला. मग हातात संहिता आली. सगळ्यांना पानंपानं भाषणं आणि मला, "शांतता राखा," "आपली वेळ संपली," "हे कामकाजात नोंदवलं जाणार नाही." मी सरांकडे गेले. सर चहा पीत होते. म्हणाले, जास्त बोलणाऱ्याला खुर्चीवर बसवलं की बाकीच्यांना बोलता येतं, मी दर वर्षी असंच करतो. पुढे त्यांनी समजूतही घातली. अध्यक्ष होणं म्हणजे पक्षाबाहेर पडणं, आपलं मत घरी ठेवून येणं. नवा अध्यक्ष निवडला की सभागृहाचा नेता आणि विरोधी पक्षनेता, दोघं मिळून त्याला खुर्चीपर्यंत नेऊन बसवतात. मी म्हटलं, पळून जाऊ नये म्हणून का? सर म्हणाले, परदेशात पूर्वी खरंच ओढत न्यायचे म्हणतात, कारण राजाला न आवडणारी गोष्ट सांगायला खुर्चीवरच्यालाच जावं लागे आणि मान त्याचीच जाई.

मग मी घरी तालीम करू लागले. पडवीत स्टुलावर बसायचं आणि समोरच्या कोंबड्यांना म्हणायचं, "प्रस्तावाच्या बाजूने असतील त्यांनी होय म्हणावं. विरोधात असतील त्यांनी नाही म्हणावं. मला वाटतं, होकाराला बहुमत आहे." आई चुलीपाशी वैतागायची. बाबांना मात्र त्याचा नाद लागला. ते शेतावरून आले की पाय धुऊन पडवीच्या पायरीवर बसायचे आणि ऐकायचे. ऐकायचे म्हणजे जुजबी नव्हे. त्यांना त्यातलं कळत होतं, कारण तेही खुर्चीवरचे होते.

आमच्या गावची गावकी बाबांच्या हाती होती. गावकी म्हणजे ग्रामपंचायत नव्हे. ती निवडणुकीची, सरकारी. गावकी म्हणजे गावातल्या बाप्यांची बैठक, देवळासमोर बसणारी, जत्रा कधी, पालखी कोणाच्या दारात, कोणाच्या बांधाचं भांडण कसं मिटवायचं, हे ठरवणारी. तिथे एकच खुर्ची. खुर्चीपुढे जमिनीवर एक नारळ ठेवायचा, मग बैठक सुरू. नारळ तिथे आहे तोवर कोणी उठून जायचं नाही. एखादा विषय निघाला की खुर्चीवरच्याने तीनदा विचारायचं, "कोणाचं काय म्हणणं?" तिसऱ्यांदाही सगळे गप्प राहिले की विषय मंजूर. खुर्चीवरच्याने तसं मोठ्याने सांगायचं आणि नारळ उचलायचा. आणखी एक रीत होती. ज्याच्यापुढे नारळ ठेवून विषय निघाला, तो विषय त्याचाच. तो त्यानेच संपवायचा.

बाबांना तिथे बसवलं होतं कारण त्यांचं कोणाशी भांडण नव्हतं. त्यांच्या मताला किंमत होती म्हणून नव्हे, त्यांना मत नाही असा लोकांचा समज होता म्हणून.

तर पडवीच्या पायरीवरून बाबा मला प्रश्न विचारायचे. तुमच्या दिल्लीच्या अध्यक्षाला हात वर करता येतो का? मी सांगायची, नाही. दोन्हीकडं सारखे झाले तरच त्याचं मत. असं कधी होतं? जवळजवळ कधीच नाही. मग म्हणाले, कोणी वंगाळ बोलला तर? ते नोंदीतून काढून टाकता येतं, मी ऐटीत सांगितलं. बाबांनी विडीची राख झटकली आणि म्हणाले, "नोंदीतून काढलं. ज्यांनी ऐकलं त्यांच्या कानातून कसं काढतात?" सरांना हा प्रश्न मी विचारला नाही.

एका संध्याकाळी मी त्यांना एक गमतीची गोष्ट सांगितली. अध्यक्षाला काढून टाकायचा ठराव आला, तर त्या चर्चेपुरतं त्याला खुर्चीवर बसता येत नाही. पण तेव्हा तो खाली येऊन इतरांसारखा बोलू शकतो, पहिल्याच फेरीत मतही देऊ शकतो. बाबांनी हातातली विडी पायरीवर विझवली. मग म्हणाले, "म्हंजे उतरला की बोलता येतं." मी म्हटलं, हो, तसंच काहीसं. आणि मी पुन्हा कोंबड्यांकडे वळले.

त्यांच्या डोक्यात काय चाललंय ते मला माहीत होतं. साऱ्या घरालाच माहीत होतं, फक्त बोलत कोणी नव्हतं.

खाडीच्या बांधाला लागून गावाचा शेतांचा सलग पट्टा होता. मुंबईचा एक शेट तिथे कोळंबीचे तलाव करायला सगळा पट्टा भाड्याने मागत होता. घेईन तर सलग घेईन, नाहीतर नको. लोक राजी होते. भातात काही उरत नव्हतं, पोरं कंपन्यांच्या गेटवर उभी राहून परत येत होती, आणि शेट कामाला गावातलीच माणसं घेणार होता. लोकांचं चुकत होतं असं मी आजही म्हणणार नाही. पण पट्ट्याच्या बरोबर मधे आनंदीआत्याचा तुकडा होता. आत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण. नवरा गेल्यावर माहेरी परत आलेली, मूलबाळ नाही, गावाच्या टोकाला एकटी राहणारी. तिची जमीन गोडी होती आणि त्यात वाल असा यायचा की पेणच्या बाजारात बायका नाव घेऊन मागायच्या. आजूबाजूला खारं पाणी भरलं की तिची माती दोन पावसांत मेली असती. ती म्हणाली, देणार नाही. समजावलं, धमकावलं, देवाची आण घातली. तिचं एकच, मी नाय देयाची.

मग खालच्या आळीचा जनार्दन पडवीत आला. चहा घेतला. तो वाईट माणूस नव्हता, त्याचे दोन मुलगे घरी बसून होते. तो बाबांना म्हणाला, गावाचं जो ऐकत नाही, त्याच्याशी गाव तरी का बोलेल? वाळीत टाकणं हा शब्द त्याने उच्चारला नाही. त्याला आता कायद्याने बंदी आहे आणि खुर्चीवर बसणाऱ्यावर पहिली केस होते, हे सगळ्यांना ठाऊक होतं. तो म्हणाला, जरा लांब राहायचं, एवढंच. रविवारी विषय घेऊ. बाबा म्हणाले, घेऊ. दुसरं काय म्हणणार? खुर्चीवरच्याला विषय घ्यावाच लागतो, तो बहिणीचा असला तरी.

ते आठ-दहा दिवस मला आजही नको वाटतात. घर तेच, अंगण तेच, हवा तर इतकी सुंदर की सकाळी खाडीवर धुकं आणि दुपारी कोवळं ऊन, आणि आम्ही सगळे आत कोंडल्यासारखे. आत्या रोज संध्याकाळी शेंगा घेऊन यायची, आईजवळ बसून निवडायची, कोणाची म्हैस व्याली ते सांगायची. बाबा पायरीवर. ती कधी म्हणाली नाही की दादा, माझ्या बाजूने बोल. तिलाही रीत माहीत होती. एकदा आईच न राहवून म्हणाली, अहो, तुम्ही खुर्ची सोडा ना, दुसरा कोणी बसू दे. बाबा म्हणाले, दुसरा बसला तर एका दमात तीनदा विचारून मोकळा होईल. मी निदान सावकाश विचारेन. यावर आई रडली. मला बाबांची इतकी दया आली की मी त्या दिवशी तालीम केली नाही.

रविवारी दुपारी गावकी बसली. बायकांनी बैठकीत बसायचं नसतं, म्हणून आम्ही देवळामागच्या नळापाशी उभ्या. आत्या हंड्यावर हात ठेवून सगळ्यांत पुढे. जनार्दनने विषय सांगितला. बाबांनी विचारलं, कोणाचं काय म्हणणं? सगळे गप्प. बाबांनी मुद्दाम एकेकाच्या तोंडाकडे बघितलं. वरच्या आळीचा हिराजी, बाबांचा लहानपणापासूनचा दोस्त, तोसुद्धा चटईची काडी उपसत होता. बाबांनी दुसऱ्यांदा विचारलं. पिंपळावर कावळे ओरडत होते, तेवढाच आवाज. एकाने जरी नाय म्हटलं असतं तर विषय अडला असता. कोणीही एक.

तिसऱ्यांदा विचारायच्या जागी बाबा उठले. चटईवर जाऊन हिराजीशेजारी मांडी घालून बसले आणि म्हणाले, "आता मी खाली हाय. माझं म्हणणं, नाय."

मी शिकवलेलं कामाला आलं, असं वाटून मी आईचा दंड इतका दाबला की तिने माझा हात झटकला.

आणि मग जे झालं त्याची कोणी कल्पना केली नव्हती. काहीच झालं नाही. खुर्ची रिकामी, समोर नारळ, आणि पुढे विचारणार कोण, विषय अडला म्हणून सांगणार कोण? कोणीतरी जनार्दनला म्हणालं, तू बस. तो म्हणाला, विषय मी आणला, मी कसा बसू. हिराजीला म्हणाले, तर त्याची कंबर धरलेली. एकाला शेतावर मोटर बघायला जायचं होतं, पण नारळ होता म्हणून जाता येईना. सगळ्यांना आत्या गावाबाहेर हवी होती, पण ते आपल्या तोंडाने सांगायला कोणी तयार नव्हतं. केसची भीती होतीच, पण तेवढीच नसावी. रोज दारावरून जाणारी बाई. तिचं नाव घेऊन मोठ्याने सांगायचं, हिच्याशी बोलू नका. बाबांनी एवढे दिवस काय अंगावर घेतलं होतं, ते तेव्हा त्यांना कळलं असेल. अख्खं गाव त्या नारळाभोवती अडकून बसलं. ऊन देवळाच्या पायरीवरून उतरून पिंपळाखाली गेलं. चिलटं आली. कोणी कोणाकडे बघेना.

शेवटी आत्याच पुढे झाली. बायकांनी जिथे पाय ठेवायचा नाही तिथून चालत गेली, वाकून नारळ उचलला, पदरात घेतला आणि म्हणाली, "शेंगा उकडायच्यात मना. घरा जा सगळी."

सगळे खरंच उठून घरी गेले. त्या संध्याकाळी आम्ही पोटभर हसलो. आत्याने पडवीत जनार्दनची नक्कल केली. बाबांनी दोनदा चहा मागितला. ठराव पडला, असंच आम्ही समजलो होतो.

दुसऱ्या दिवशी नळावर आत्या गेली तेव्हा बायका हंडे घेऊन बाजूला झाल्या. दुकानदाराने मीठ दिलं, पण हातात नाही, फळीवर ठेवलं. पोपटीला बोलावणं आलं नाही. कोणी काही सांगितलं नव्हतं, तरी प्रत्येकाला माहीत होतं. बाबांशी मात्र सगळे नेहमीसारखे बोलत, काय दादा, कसं काय दादा, आणि तेच बाबांना सोसत नव्हतं.

त्याच आठवड्यात माझी संसद भरली. मंडपवाल्याकडून नवरदेवाची लाल मखमली खुर्ची आणली होती, तिच्यावर बसल्यावर माझे पाय जमिनीला टेकत नव्हते. खालून सगळे "अध्यक्ष महोदया, अध्यक्ष महोदया" म्हणत माझ्याकडे बघून एकमेकांना शिव्या घालत होते. विरोधी पक्षनेत्याने माझ्याकडून मागून घेतलेलं माझंच भाषण वाईट वाचलं. मला एकेक मुद्दा तोंडाशी येत होता आणि मी गिळत होते. आवाजी मतदान घेतलं, होकाराला बहुमत आहे असं तीनदा म्हटलं, आणि तिसऱ्यांदा म्हणताना मला खुर्चीवरच समजलं की बाबांनी काय केलं होतं. त्यांनी निकाल सांगितलाच नव्हता. आम्हाला बक्षीस मिळालं. फोटोत मी एकटीच रडवेली दिसते.

गेली कित्येक वर्षं मी शाळेत नागरिकशास्त्र शिकवते. अध्यक्षांची कार्ये लिहा, हा प्रश्न दर वर्षी असतो. शिस्त राखणे, कामकाज चालवणे, समसमान मते पडल्यास निर्णायक मत देणे. मुलं पाठ करतात, मी बरोबरची खूण करते. पण खरं काम मला विचाराल तर एकच. झालं ते मोठ्याने सांगणं. सांगितलेलं मागे घेता येतं. आत्याला वाळीत टाकायचा ठराव त्या दिवशी झाला असता, तर पुढच्या जत्रेला माफीचा नारळ ठेवून तो उठला असता, आमच्याकडे असं झालेलं आहे. जो ठराव झालाच नाही, तो मागे कसा घ्यायचा? तक्रार तरी कशी करायची? पोलिसांनी विचारलं तर गाव खरंच म्हणालं असतं, आम्ही काहीच ठरवलं नाही साहेब. दिल्लीत मुदत संपून लोकसभा गेली की तिच्यापुढे पडून राहिलेली विधेयकं बहुतेक तिच्याबरोबरच संपतात. गावकीला मुदत नसते. पुढे दुसरे खुर्चीवर आले, पण रीतीप्रमाणे जो तो बाबांचं नाव घेऊन म्हणे, तो विषय बाळारामदादाचा, आमचा नाय.

शेट तर त्याच उन्हाळ्यात दुसरीकडे निघून गेला. तलाव झाले नाहीत. जनार्दनचे मुलगे पनवेलला लागले. भांडणाचं कारण मेलं आणि अबोला तसाच राहिला.

बाबा ते संपवू शकत होते. पुन्हा खुर्चीवर बसून विचारायचं, एवढंच होतं. पण विचारलं आणि गाव व्हय म्हणालं तर? आजवर नुसता वारा होता, त्याची भिंत होईल. याच धाकात त्यांनी वर्षं काढली. आई गेली, गुडघे गेले, ते आमच्याकडे आले. आत्याने बैठकीतून उचललेला तो नारळ बांधाकडेला लावला होता, त्याला फळं धरू लागली. दर हिवाळ्यात ती शेंगांची पिशवी आणि नारळ एसटीवाल्याच्या हाती पाठवायची. गावातला कंडक्टर पिशवी आणायचा, तिच्याशी न बोलता.

यंदा तिचा फोन आला. पडली होती अंगणात, फार लागलं नव्हतं. दोन तास तशीच पडून होते गो, म्हणाली, लोक जात होते रस्त्यानं. मग हसून म्हणाली, "दादाला सांग, मी मेले की खांद्याला चार माणसं रोह्यावरून घेऊन ये. इथं नाय कोण मिळायचा." मी फोन स्पीकरवर ठेवला होता. टीव्हीवर अध्यक्ष कोणाला तरी बसून घ्या म्हणत होते. बाबांनी मांडीखालचा रिमोट काढला आणि टीव्ही बंद केला. रविवारी गावकी असती जत्रेची, म्हणाले. मना ने.

यांनी गाडी काढली. वाटेत बाबा खिडकीतून शेतं बघत होते. मला भीती वाटत होती आणि ती मी बोलून दाखवली, की बाबा, व्हय म्हणाले तर आत्याचं काय? ते म्हणाले, मग निदान कोण बोलला ते तिला कळंल. आत्याकडे गेलो तर ती अंगणात पोपटी भरत बसलेली, आम्ही येणार म्हणून. मडक्याच्या तळाला भांबुर्डा, वर शेंगा, ओवा, जाडं मीठ. बाबांनी तिच्याकडून एक नारळ मागून घेतला. कशाला, तिने विचारलं नाही.

देवळासमोर बैठक संपत आली होती. हल्ली खुर्चीवर एक तरुण असतो. त्याने आपला नारळ उचलला तसे बाबा माझ्या आधाराने पुढे गेले. मी बाई म्हणून थांबले नाही आणि मला कोणी थांबवलंही नाही. बाबा म्हणाले, माझा एक विषय राहिलाय. पोरगा उठून उभा राहिला. बाबा खुर्चीवर बसले, आत्याचा नारळ पुढे ठेवला. उठू लागलेले पुन्हा बसले. जनार्दन होता, पार पांढरा झालेला. हिराजी होता, काठी घेऊन.

बाबांनी जुन्या पद्धतीने विचारलं नाही. पडवीच्या पायरीवर बसून ऐकलेल्या पद्धतीने विचारलं. "आनंदीबायला गावानं बाजूला ठेवायचं. ज्यांचं व्हय, त्यांनी बोला."

कोणी बोललं नाही. बाबा थांबले, सावकाश, प्रत्येकाच्या तोंडाकडे बघत. जनार्दन जमिनीकडे बघत होता.

"ज्यांचं नाय, त्यांनी बोला."

तेव्हाही कोणी बोललं नाही. हिराजीचे ओठ हलले आणि मिटले. इतक्या वर्षांनी तीच शांतता, तोच पिंपळ, तेच कावळे. मला वाटलं, आता आम्ही सगळे इथेच राहणार, जन्मभर.

बाबांनी खाकरून घसा साफ केला. "व्हय कोण नाय. नाय कोण नाय. दोन्हीकडं सारखेच झाले," ते म्हणाले. "मग मत माझं. माझं नाय. आनंदीबाय गावात हाय. विषय संपला."

त्यांनी वाकून नारळ उचलला आणि उठायला गेले. गुडघ्यांनी साथ दिली नाही. पुन्हा प्रयत्न केला. खुर्ची मागे कलली, मी धावले, पण माझ्या आधी जनार्दनने त्यांचा एक दंड धरला होता आणि दुसरा हिराजीने, काठी टाकून. दोघांनी मिळून त्यांना खुर्चीतून वर काढलं. कुठं, जनार्दनने विचारलं. बाबांनी नारळ धरलेला हात गावाच्या टोकाकडे केला.

तिघं निघाले. बाबांचा सगळा भार त्या दोघांवर, त्यामुळे सोडायची सोय नव्हती. आत्याच्या अंगणाच्या दाराशी आले आणि दोघांचे पाय एकदम थांबले. इतकी वर्षं त्या दाराआत गावाचा माणूस गेला नव्हता. हात सोडले असते तर बाबा पडले असते. आत अंगणात मडक्याभोवतीचा पेंढा जळून निखारे झाले होते. आत्याने वर पाहिलं. तिघांकडे एकेक करून पाहिलं. तिच्या हातात पाण्याचा तांब्या होता, तिने मडक्यावर पाणी शिंपडलं, ते चर्र वाजून उडून गेलं, म्हणजे पोपटी झाली होती.

"त्याला असा किती वेळ धरून उभे ऱ्हाल?" ती म्हणाली. "आत या आन् बसा."